नाकारलेली नोकरी आणि सात पिंपे : ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेचे परीक्षण

आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांमधला खलनायक पहिल्याच भागात पूर्ण तयार होऊन येतो. त्याच्या किंवा तिच्या भुवया, दागिने, पार्श्वसंगीत आणि दाराआडून ऐकण्याची सवय यांवरून प्रेक्षकाने काय ते ओळखायचे असते. ही व्यक्ती अशी कशामुळे झाली, हा प्रश्न पटकथेत सहसा विचारलाच जात नाही. निळू फुले यांच्यासारख्या थोर नटाने रंगवलेले सरपंच आणि पाटीलही आपल्यासमोर आले ते सत्ता अंगात पुरती मुरल्यानंतर; ती मुरण्याआधीचा माणूस आपल्याला क्वचितच दिसला. म्हणूनच ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका मराठी प्रेक्षकाने एकदा तरी सलग आणि शेवटपर्यंत पाहावी, असे मला वाटते. एका सरळमार्गी शिक्षकाचा दुष्ट माणूस कसा होतो हे तिने पाच पर्वांत आणि ६२ भागांत दाखवले आहे, आणि ते इतक्या लहान लहान पायऱ्यांनी दाखवले आहे की नेमकी कोणती पायरी उतरल्यावर परतीची वाट बंद झाली, यावर पाहणाऱ्यांचे एकमत होत नाही. आमच्या घरातही ते झाले नाही.

मी सोलापुरात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवतो. मालिकेचा नायक वॉल्टर व्हाइट हाही माध्यमिक शाळेत रसायनशास्त्रच शिकवतो, त्यामुळे माझे तिच्याशी नाते जुळायला वेळ लागला नाही. मात्र या परीक्षणात मला त्या नात्याविषयी फारसे बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते एकाच प्रश्नाविषयी : हा माणूस वाईट कशामुळे झाला? उत्तर शोधताना कथानकातील बहुतेक सर्व वळणे उघड करावी लागतील. ज्यांना ती आधी कळू नयेत असे वाटत असेल, त्यांनी मालिका पाहून मगच पुढे वाचावे.

मालिकेची तोंडओळख थोडक्यात करून देतो. व्हिन्स गिलिगन यांनी निर्माण केलेली ही मालिका अमेरिकेतील एएमसी वाहिनीवर २० जानेवारी २००८ पासून २९ सप्टेंबर २०१३ पर्यंत प्रसारित झाली. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात ती घडते. वॉल्टर पन्नाशीत पोहोचला आहे. पत्नी स्कायलर गरोदर आहे, मुलाला सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार) आहे, आणि पगार पुरत नाही म्हणून तो शाळा सुटल्यावर गाड्या धुण्याच्या केंद्रात काम करतो. तिथे एका विद्यार्थ्याच्या गाडीची चाके त्याला वाकून घासावी लागतात. अशातच त्याला शस्त्रक्रिया शक्य नसलेला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान होते आणि जेसी पिंकमन या आपल्या एका जुन्या, वाया गेलेल्या विद्यार्थ्याला हाताशी धरून तो मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ तयार करू लागतो. त्याचा साडू हँक अमली पदार्थविरोधी खात्यात अधिकारी आहे, हा कथानकातील मोठा ताण.

पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ही मालिका माझ्याआधी पाहिली होती आणि त्याचे मत ठाम होते. “मामा, त्याच्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच केले असते. औषधाला पैसे नाहीत, घरात बाळ येणार, मग माणसाने करायचे काय?” असे तो म्हणाला. हे मत एकट्या त्याचे नाही. मालिका पाहणारे बहुतेक तरुण हेच सांगतात, आणि पहिले तीन-चार भाग पाहताना ते खरेही वाटते, कारण पटकथेने तसे वाटावे अशीच मांडणी केली आहे.

मला मात्र हे मत पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात सोलापूरच्याच नव्हे, तर आसपासच्या जिल्ह्यांतल्याही कुटुंबांची ये-जा असते. कोणी शेत गहाण टाकलेले असते, कोणी मंगळसूत्र मोडलेले असते, कोणाच्या उपचारासाठी शाळेतल्या सहकाऱ्यांनी एक दिवसाचा पगार काढून दिलेला असतो. आपल्या शहरातल्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा हात कुशल असूनही काम गेलेली हजारो माणसे घरी बसली, काहींनी रिक्षा चालवली, काहींच्या घरातल्या बायकांनी विड्या वळून मुले शिकवली. आजारपण, कर्ज आणि अपमान हे माणसाला दुष्ट करण्यास पुरेसे असते, तर सोलापुरात आज चांगला माणूस औषधालाही सापडला नसता. परिस्थितीने वॉल्टरला दारापर्यंत नेऊन सोडले हे मान्य केले तरी दार त्याने स्वतः उघडले, आणि कोणत्या क्षणी उघडले हे मालिकेने अगदी स्पष्ट दाखवले आहे.

तो क्षण पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात आहे. तरुणपणी वॉल्टरने एलियट या मित्राबरोबर एक कंपनी स्थापन केली होती. पुढे तो तिच्यातून बाहेर पडला आणि ती कंपनी अफाट वाढली. एलियट आणि त्याची पत्नी ग्रेचेन आता गडगंज श्रीमंत आहेत. एलियटच्या वाढदिवसाला वॉल्टर सपत्निक जातो, तेव्हा एलियट त्याला कंपनीत नोकरी देऊ करतो आणि बोलता बोलता आरोग्यविम्याचाही उल्लेख करतो. त्यावरून वॉल्टरच्या ध्यानात येते की स्कायलरने आजाराविषयी सांगितले आहे आणि नोकरीआडून आपल्याला मदत केली जात आहे. तो नकार देतो. नंतर ग्रेचेन फोन करून उपचाराचा सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवते, तेव्हा विम्यातून सोय झाल्याचे खोटे सांगून तो तिलाही टाळतो आणि थेट जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो.

या प्रसंगापर्यंत वॉल्टरच्या हातून माणसे मेली आहेत, त्याने खोटे बोलून झाले आहे, कायदा मोडून झाला आहे. तरीही मी या भागालाच निर्णायक मानतो, कारण इथे त्याच्यासमोर पहिल्यांदा दुसरा रस्ता खुला होतो. पैसा मिळणार आहे, उपचार होणार आहेत, कुटुंब सुरक्षित राहणार आहे. त्याने फक्त कोणाच्या तरी पुढे मान थोडी खाली घालायची आहे. ते त्याला जमत नाही. आपल्या परंपरेने माणसाचे सहा शत्रू सांगितले आहेत. वॉल्टरविषयी बोलताना लोक नेहमी लोभाकडे बोट दाखवतात, पण त्याला गिळणारे दोन शत्रू निराळेच आहेत, मद आणि मत्सर. लोभी माणसाने एलियटची नोकरी आनंदाने घेतली असती.

या मत्सराला पटकथाकारांनी जे तपशील पुरवले आहेत ते विलक्षण आहेत. पाचव्या पर्वात वॉल्टर जेसीला सांगतो की कंपनीतला आपला हिस्सा त्याने अवघ्या ५,००० डॉलरना विकला होता. आज तिची किंमत २.१६ अब्ज डॉलर आहे आणि ती किती झाली हे तो दर आठवड्याला पाहतो. इतकी वर्षे, दर आठवड्याला. कर्करोगाचे निदान होण्यापूर्वीही, शाळेत मुलांना आवर्त सारणी शिकवत असतानाही, हा माणूस घरी येऊन ती रक्कम पाहत होता. शिवाय आपल्या कल्पनेच्या जोरावर या दोघांनी साम्राज्य उभारले, असा आरोप तो ग्रेचेनवर करतो, तेव्हा तिच्या उत्तरातून उलटेच कळते की एका सुट्टीत तिच्या माहेरी गेला असताना हाच काही न सांगता तिला सोडून निघून गेला होता. खरे काय घडले ते मालिका पूर्ण उलगडत नाही, आणि न उलगडण्याचा हा निर्णय मला फार आवडला. अन्याय झाला होता की नव्हता, यापेक्षा अन्याय झाला या भावनेला त्याने किती वर्षे खतपाणी घातले, हे समजणे पुरेसे आहे.

रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून मला सर्वांत भिडलेला प्रसंग तिसऱ्या भागातला आहे. तरुण वॉल्टर आणि ग्रेचेन फळ्यावर मानवी शरीरातील मूलद्रव्यांची टक्केवारी मांडत आहेत : हायड्रोजन ६३, ऑक्सिजन २६, कार्बन ९, नायट्रोजन १.२५, आणि पुढे इतर. बेरीज होते ९९.८८८०४२. उरलेला अंश कुठे गेला, असा प्रश्न पडतो तेव्हा ग्रेचेन आत्म्याचे नाव घेते, आणि वॉल्टर हसून सांगतो की इथे रसायनाशिवाय दुसरे काहीही नाही. हा संवाद त्याच भागातल्या दुसऱ्या प्रसंगाला जोडून दाखवला आहे. त्या प्रसंगात तळघरात बांधून ठेवलेल्या एका गुन्हेगाराला मारावे की सोडावे याची कारणे वॉल्टर कागदावर दोन रकान्यांत लिहितो. एका रकान्यात नीती, धर्म, पश्चात्ताप अशी अनेक कारणे आहेत. दुसऱ्या रकान्यात एकच कारण आहे, की सोडले तर तो आपले सगळे कुटुंब संपवेल. तरीही वॉल्टर त्याला सोडायलाच निघालेला असतो. फुटलेल्या ताटलीचा एक अणकुचीदार तुकडा नाहीसा झाला आहे, हे तुकडे जुळवताना लक्षात आल्यावरच तो त्याला मारतो, आणि मारताना रडत, पुन्हा पुन्हा क्षमा मागतो.

या वॉल्टरला मी दुष्ट म्हणणार नाही. हा घाबरलेला माणूस आहे आणि आपण काय करतो आहोत हे त्याला पुरते कळते आहे. त्याच्या शेजारी दुसऱ्या पर्वाच्या शेवटी-शेवटी येणारा प्रसंग ठेवून पाहावा. जेसीची मैत्रीण जेन नशेत झोपेतच उताणी होते, तिला वांती होऊन श्वास कोंडू लागतो आणि वॉल्टर तिथे उभा असतो. तिला कुशीवर वळवले की ती वाचणार आहे. तो क्षणभर पुढे सरकतो आणि थांबतो. तिने नुकतेच त्याला धमकावून जेसीच्या वाट्याचा पैसा मागितला होता. ती गेल्यास जेसी पुन्हा आपल्या मुठीत येईल, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. वॉल्टर झालेले ब्रायन क्रॅन्स्टन यांनी पुढे सांगितले आहे की हा प्रसंग करताना त्या मुलीच्या जागी त्यांना एकाएकी आपल्याच मुलीचा चेहरा दिसला. प्रसंग पाहताना ते खरे वाटते. डोळ्यांत पाणी येते, हात तोंडावर जातो, पण पाय हलत नाहीत. तळघरातल्या हत्येत वॉल्टरने हात चालवला आणि आतून मोडला. इथे हातही लावला नाही आणि आतून तो शाबूत राहिला. माझ्या मते त्याच्या दुष्टपणाची खरी नोंद या दुसऱ्या प्रसंगात होते.

यानंतरची उतरण वेगाने होते आणि तिच्यातली प्रत्येक पायरी सांगत बसण्याची गरज नाही. जेनचे वडील विमान वाहतूक नियंत्रक असतात. शोकाने बधिर झालेल्या त्यांच्या हातून चूक होते, दोन विमाने आकाशात आदळतात आणि १६७ माणसे मरतात. ही घटना ओढूनताणून आणलेली आहे, असा आक्षेप घेता येईल आणि तो मला मान्यही आहे. मात्र तिच्यामुळे तिसऱ्या पर्वाच्या आरंभी शाळेतल्या शोकसभेचा जो प्रसंग मिळाला, त्यासाठी मी तो दोष पोटात घालायला तयार आहे. हादरलेल्या मुलांसमोर उभा राहून वॉल्टर त्यांना समजावतो की जगातील मोठ्या विमान अपघातांच्या यादीत हा अपघात पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास आहे. आपल्या अपराधाचा आकडा लहान दिसावा म्हणून जगातले मोठे आकडे शोधणारा शिक्षक मी त्यापूर्वी कधीही पडद्यावर पाहिला नव्हता.

आकड्यांवरूनच भाच्याचा मुद्दा खोडून काढता येतो. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात वॉल्टर कुटुंबाच्या भविष्याचा सगळा खर्च मनात मांडतो. मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, महागाई हे सारे धरून उत्तर येते ७,३७,००० डॉलर. तेवढे मिळाले की थांबायचे. पुढे एकाच व्यवहारात त्याला १२ लाख डॉलर मिळतात, त्यानंतर तीन महिन्यांच्या कामासाठी ३० लाखांचा देकार येतो. तो थांबत नाही. त्याहून बोलका प्रसंग म्हणजे आजार आटोक्यात आल्याचे डॉक्टर सांगतात तो. घरचे सगळे आनंदाने रडतात आणि वॉल्टर स्वच्छतागृहात जाऊन हात पुसण्याच्या कागदांच्या धातूच्या पेटीवर मुठी आपटत राहतो. मरण जवळ असल्यामुळे ज्या आयुष्याची त्याने स्वतःला परवानगी दिली होती, त्या आयुष्याचे निमित्तच आता हिरावले गेले आहे. संवाद नाही, स्पष्टीकरण नाही. चेपलेल्या पेटीत त्याचे वाकडे प्रतिबिंब दिसते आणि प्रसंग संपतो.

मद म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल तर चौथ्या पर्वातील जेवणाचा प्रसंग पाहावा. वॉल्टरनेच घडवून आणलेल्या खुनात त्याचा साहाय्यक गेल मरण पावला आहे. गेलच्या वह्या पाहून हँकची खात्री पटली आहे की ज्या कुशल रसायनतज्ज्ञाच्या मागावर तो होता तो हाच, आणि तो मेल्यामुळे प्रकरण मिटले. वॉल्टर आता पूर्ण सुरक्षित आहे. कोणताही गुन्हेगार अशा वेळी देवाचे आभार मानून गप्प बसला असता. दारूचे दोन घोट पोटात गेलेला वॉल्टर मात्र साडूला सांगतो की या वह्यांमध्ये प्रतिभेचे काही लक्षण दिसत नाही, हा मनुष्य दुसऱ्या कोणाचे तरी पाहून उतरवत असावा, खरा तज्ज्ञ अजून मोकळा असेल. आपल्या कामाचे श्रेय दुसऱ्याला मिळते आहे हे त्याला सहन होत नाही. त्यासाठी तो स्वतःचाच माग पुन्हा सुरू करून देतो. संपूर्ण मालिकेत मला सर्वाधिक थरकाप आणणारे वाक्य हेच, आणि ते जेवणाच्या टेबलावर, बायकामुलांसमोर, साध्या आवाजात उच्चारलेले आहे.

अर्थात एवढ्यावरून तो जन्मतःच तसा होता, असे म्हणणेही मला चुकीचे वाटते. माझ्या काही सहकाऱ्यांचा कल त्या मताकडे आहे. मद आणि मत्सर त्याच्यात आधीपासून होते हे खरे, पण ते आपल्या सगळ्यांतच कमी-अधिक असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत नोकरी, संसार आणि लोकलज्जा यांच्या दाबाखाली ते निजून राहतात. वॉल्टरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, ती म्हणजे यश. पन्नास वर्षांत त्याला ज्या कामाची खरी दाद मिळाली ते काम नेमके विषारी निघाले. १९८५ साली नोबेल मिळालेल्या संशोधनाला हातभार लावल्याचे मानचिन्ह त्याच्या घरात भिंतीवर आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पण त्याने केलेल्या मेथॅम्फेटामिनच्या निळ्या स्फटिकांची शुद्धता पाहून बाजार चकित होतो, मोठमोठे गुंड त्याला मान देतात. जो माणूस दाद न मिळाल्यामुळे कुढला, तो दाद मिळाल्यावर बिघडला. पाचव्या पर्वात एका निष्पाप मुलाची हत्या झाल्यानंतर तो जेसीसमोर झोप लागत नसल्याचे दुःख व्यक्त करतो आणि जेसीची पाठ वळताच कामाला लागून शीळ घालू लागतो. ते ऐकून जेसीचा चेहरा जसा उतरतो, तसाच पाहणाऱ्याचाही उतरतो.

आता कुटुंबाविषयी. वॉल्टर प्रत्येक पापाचे खाते कुटुंबाच्या नावावर मांडतो, आणि हे पाहताना मराठी माणसाला वाल्या कोळ्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. वाटसरूंना लुटून मारणारा, प्रत्येक हत्येमागे एक खडा टाकून सात रांजण भरणारा वाल्या नारदांना हेच सांगत होता की मी हे बायकामुलांसाठी करतो. नारदांनी त्याला एकच प्रश्न घरी जाऊन विचारायला सांगितला. घरच्यांनी पापात वाटेकरी होण्यास नकार दिला आणि तिथून वाल्या बदलला. ‘ब्रेकिंग बॅड’च्या पाचव्या पर्वात वॉल्टर आपले सगळे धन वाळवंटात पुरतो, ते सात पिंपांमध्ये. योगायोगाने आकडा जुळला एवढेच, पण प्रश्न तोच आहे. माझ्या पत्नीने दुसऱ्या पर्वाच्या मध्यावरच तो उच्चारला होता. “याने बायकोला एकदा तरी विचारले का?” असे ती म्हणाली, आणि त्यानंतर वॉल्टरने कुटुंबाचे नाव घेतले की ती नुसती माझ्याकडे पाहत असे. वॉल्टर विचारत नाही, कारण उत्तर काय येणार हे त्याला ठाऊक आहे. अखेरीस ते उत्तर न विचारताच येते : लपून बसलेल्या ठिकाणाहून तो मुलाला फोन करून एक लाख डॉलर पाठवण्याची गोष्ट काढतो, तेव्हा मुलगा ते पैसे झिडकारतो आणि तू मरत का नाहीस, असे ओरडून विचारतो.

स्कायलरविषयी मला थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण तिच्यावर प्रेक्षकांनी मोठा अन्याय केला आहे. पतीचे खोटे ओळखणारी, त्याला अडवणारी ही स्त्री जगभरच्या असंख्य प्रेक्षकांना इतकी अप्रिय झाली की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्या द्वेषाविषयी लेख लिहिला. वॉल्टरला वाईट करणाऱ्या गोष्टींचा शोध घेताना हाही पुरावा ध्यानात घ्यायला हवा. गुन्हा करणाऱ्या पुरुषाच्या कर्तबगारीने आपण भारावतो आणि त्याला जाब विचारणारी बायको आपल्याला त्रासदायक वाटू लागते. म्हणजे वॉल्टरच्या मनात जे घडले तेच थोड्या प्रमाणात आपल्याही मनात घडून गेलेले असते. मालिकेचे हे सर्वांत मोठे यश आहे आणि तिचा सर्वांत मोठा धोकाही.

त्या धोक्याविषयी सोलापूरकर म्हणून मला गांभीर्याने बोलणे भाग आहे. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आपल्या शहराजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून इफेड्रिनचा टनावारी साठा जप्त केला आणि त्याची किंमत सुमारे दोन हजार कोटी रुपये सांगितली. दम्यावरच्या आणि सर्दीवरच्या औषधांच्या जगातले हे रसायन मेथॅम्फेटामिनसाठीही वापरले जाते. २०२३ मध्ये याच परिसरात मेफेड्रोन हा अमली पदार्थ तयार करणारा कारखाना मुंबई पोलिसांना सापडला. तेव्हा अल्बुकर्कीची ही गोष्ट आपल्यापासून फार दूर आहे, असे समजण्याचे कारण नाही. वॉल्टरचा टोपी-चष्म्यातला चेहरा छापलेले टी-शर्ट घालून मुले वर्गाबाहेर दिसतात, तेव्हा मी त्यांना रागावत नाही. दुसऱ्या पर्वातला, दोन व्यसनी आईबापांच्या उकिरड्यासारख्या घरात एकटाच बसलेल्या लहान मुलाचा भाग त्यांनी पाहिला आहे का, एवढे विचारतो. बहुतेकांना तो आठवत नाही. निळे स्फटिक मात्र सगळ्यांना आठवतात, आणि ते तर निव्वळ नाट्यासाठी रंगवलेले आहेत; शुद्ध पदार्थाला प्रत्यक्षात रंग नसतो.

विज्ञानाच्या बाबतीत एरवी मालिकेने बरीच काळजी घेतलेली दिसते. ओक्लाहोमा विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापक डोना नेल्सन यांचा सल्ला निर्मात्यांना मिळत होता. वर्गातील दृश्यांमध्ये वॉल्टर पहिल्याच तासाला रसायनशास्त्र म्हणजे बदलाचा अभ्यास असे मुलांना सांगतो, आणि त्या एका व्याख्येवर सगळे ६२ भाग उभे राहतात. शिक्षक म्हणून तो चांगला आहे, हे मला विशेष वेदनादायक वाटले.

अभिनयाविषयी वेगळे काय सांगावे? विनोदी मालिकेतील वडील म्हणून ओळख असलेल्या क्रॅन्स्टन यांना या भूमिकेत घेण्यास वाहिनीचे अधिकारी सुरुवातीला कचरत होते. त्याच क्रॅन्स्टन यांनी या भूमिकेसाठी चार वेळा एमी पुरस्कार मिळवला. जेसीच्या भूमिकेतले ॲरन पॉल मला त्यांच्याइतकेच थोर वाटतात. जेसीला पहिल्याच पर्वात मारण्याचा गिलिगन यांचा बेत होता, पण पॉल यांचे काम पाहून तो बदलला, आणि तसे झाले नसते तर वॉल्टरच्या अधःपाताचे मोजमाप करण्यास पट्टीच उरली नसती : गुन्हेगार विद्यार्थी प्रत्येक मृत्यूने खचत जातो आणि शिक्षक प्रत्येक मृत्यूने निबर होत जातो. अमली पदार्थांचा बडा व्यापारी गस फ्रिंग याची भूमिका करणारे जियानकार्लो एस्पोसिटो तर कमीत कमी हालचालींत भीती निर्माण करतात. दुसऱ्या पर्वापासून मायकेल स्लोव्हिस यांनी केलेल्या छायाचित्रणातले पिवळे, सपाट, ऊन पीत पडलेले माळ आपल्या नान्नजच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला परके वाटणार नाहीत.

दोषही आहेत. सीमेपलीकडचे मेक्सिकन गुंड फार एकसुरी रंगवले आहेत. तिसऱ्या पर्वाच्या मध्यात गती मंदावते. पाचव्या पर्वातील नाझी विचारांची टोळी इतकी निखळ वाईट आहे की तिच्यासमोर वॉल्टर उगाच उजळ दिसू लागतो, आणि इतका वेळ घेऊन दाखवलेला त्याचा काळोख शेवटी थोडा फिका करण्याची ही क्लृप्ती मला पटली नाही.

शेवटच्या दोन भागांनी मात्र माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर पक्के केले. मुलाने झिडकारल्यावर वॉल्टर खरोखर हरतो; तो अमली पदार्थविरोधी खात्याला फोन लावून रिसीव्हर तसाच सोडतो आणि अटकेची वाट पाहत दारूच्या गुत्त्यात बसतो. तेवढ्यात समोरच्या दूरचित्रवाणी संचावर एलियट आणि ग्रेचेन एका मुलाखतीत सांगताना दिसतात की कंपनीच्या नावापलीकडे वॉल्टरचे तिच्यात काहीही योगदान नव्हते. पोलीस पोहोचतात तेव्हा त्याचा पेला तिथेच असतो आणि तो नसतो. त्याला कर्करोगाने उठवले नाही, पैशाने नाही, मुलाच्या शब्दांनीही नाही. जुन्या अपमानाने उठवले. त्यानंतर तो स्कायलरसमोर कबूल करतो की हे सगळे त्याने स्वतःसाठी केले, त्याला ते आवडत होते, त्यात तो निष्णात होता. आणि उरलेले ९७ लाख २० हजार डॉलर मुलापर्यंत पोहोचावेत म्हणून तो ते एलियट आणि ग्रेचेन यांच्याच हवाली करतो, त्यांनी आपल्या नावाने दान म्हणून द्यावेत यासाठी. ज्यांची मदत घ्यायची नाही म्हणून एवढा संहार झाला, त्यांचीच मदत म्हणून तो पैसा शेवटी घरात जाणार आहे.

पाहू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना. भाग साधारण पाऊण तासाचा आहे, म्हणजे संपूर्ण मालिकेला पन्नास तासांच्या आसपास वेळ लागतो. एका दिवशी दोनहून अधिक भाग पाहू नयेत, कारण वॉल्टरचे बदलणे वेगाने पाहिले तर नुसते थरारनाट्य उरते. पहिल्या पर्वाचे सातच भाग आहेत आणि त्यातल्या पाचव्या भागापर्यंत पोहोचल्याशिवाय मत बनवू नये. हिंसा, नशा आणि शिवीगाळ भरपूर असल्यामुळे घरातल्या लहान मुलांसमोर ही लावण्यासारखी नाही. अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर पाहायची असल्यास शेजारी बसून पाहावी. ओटीटीवर भाग संपताच पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची जी सोय असते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, आणि इंग्रजी संवाद वेगाने येत असल्याने उपशीर्षके सुरू ठेवावीत.